हळदीकुंकवाची पिल्लं

गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी लेकीकडं, पुण्यात पाषाणला, महिनाभर राहिलो. शेतकऱ्याला पहाटे झोप कुठली? उठलो की पाषाण तलावावर जायचो.

पावसाळा सरत आलेला. एका सकाळी जलपर्णीच्या कडेनं हळदीकुंकू बदक निघालं. चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. मागं ओळीनं आठ पिल्लं. मी मोबाईल काढला. ऊन समोरून, पाणी घासलेल्या ताटासारखं चमकत होतं. फोटोत पिल्लं कुठली, नुसते डांबराचे थेंब!

नात हसली. "आबा, पाणी चमकतं म्हणून मोबाईल सगळंच काळं करतो. पिल्लावर बोट ठेवा, उजेड वाढवा. पाणी पांढरं पडलं तर पडू द्या."

दुसऱ्या दिवशी तसं केलं, पण पिल्लं हलली अन् सगळं पुसट आलं. तिसऱ्या दिवशी सूर्यावर पातळ ढग आला, पाण्याची चमक गेली. गुडघा विसरून लांबच, चिखलात बसलो. पिल्लांच्या पाठीवरचे पिवळे ठिपकेसुद्धा आले. घरी नातीनं फोटो मोठा करून मोजली. सहाच.

जेवण गेलं नाही. वीसेक वर्षांमागं गावच्या तळ्याकाठी गवत कापताना विळ्यापुढून अशीच बदकीण उडाली होती. अंडी उघडी पडली. तेवढं गवत सोडलं असतं तर म्हशीला एक पेंढी कमी पडली असती, एवढंच. मी भारा बांधून घरी आलो. अंडी किती होती, तेही मोजलं नव्हतं.