कसा वाजतोय?

दिवाळीला आठ दिवस उरले होते. शंकरपाळ्यांच्या पिठाचं चौथं भांडं लावून मी ओट्यावर तूप मोजत होते. मिक्सर मघापासून एकसुरी घुमत होता. त्या सुरात मध्येच एक खडा आला. कट्. मग काही क्षण काहीच नाही, मग पुन्हा कट्. मी वळून बघेपर्यंत ते सलग कटकटकट झालं, पिठाचा गोळा आकड्याला लटकून जागच्या जागी थांबला आणि वर मोटर मात्र खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी हलकी होऊन गुणगुणत राहिली.

मी बटण बंद केलं. बाहेरच्या खोलीत अण्णा पेपर वाचत होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

अण्णा साताऱ्याहून आयटीआय करून १९७४ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. सिडको तेव्हा चार वर्षांची होती. वाशीला रेल्वे नव्हती, नेरूळ हे खाडीकाठचं गाव होतं आणि पारसिकच्या डोंगराखाली एमआयडीसीच्या चिमण्या मात्र धूर सोडत होत्या. एकतीस वर्षं ते तिथे प्रेसशॉपमध्ये होते. प्रेसला गार्ड होते, कानांना कापसाचे बोळे. असा गोंगाट माणसाचं ऐकणं सरसकट नेत नाही. तो आधी वरचे सूर नेतो, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. कुकरची शिट्टी जाते, चिमण्या जातात, बोलण्यातले 'स', 'श', 'ट', 'ख' पुसट होतात. ट्रकची घरघर, ढोल, दारावरची थाप एवढं शिल्लक राहतं. म्हणून त्यांच्याशी मोठ्याने बोलून उपयोग नसतो. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. आम्ही घरातली माणसं कित्येक वर्षं ओरडत राहिलो आणि ते हळूहळू बोलण्यातून उठून पेपरात जाऊन बसले, याचं मला फार वाईट वाटतं.

मी त्यांच्यासमोर उभी राहून खुणेने मिक्सर दाखवला. ते उठले, चष्मा पुसला आणि विचारलं, "कसा वाजतोय?"

"विचित्र," मी म्हटलं.

त्यांनी ओठ वाचले आणि मान हलवली. "विचित्र हा काही आवाज नाही, बाय."

मला वाटलं होतं, ते पेचकस घेऊन येतील. ते पेन घेऊन आले. पेपरच्या समासात त्यांनी एकाखाली एक शब्द लिहिले: कटकट, खडखड, खरखर, करकर, घरघर, थडथड, चीं. "यावर बोट ठेव. उघडायच्या आधी ऐकून घ्यायचं. एकदा उघडलं की आवाज मेला."

अशी यादी मी शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात पाहिली होती, अनुकरणवाचक शब्द म्हणून. ते शब्द हत्यारासारखे वापरता येतात हे मला त्या दिवशी कळलं. थडथड असेल तर आकडा भांड्याच्या बुडाला लागतोय, गिअरचा संबंध नाही. एक स्क्रू फिरवून डोकं केसभर वर घ्यायचं. खरखर म्हणजे ग्रीस वाळलंय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. करकर आणि मोटरच्या बाजूने जळका वास असेल तर कार्बन ब्रश झिजलेत. प्रत्येक फेरीला ठरल्या जागी एकच कट् आला तर एक दात उडालाय. रिकामं फिरताना आवाज नाही आणि पीठ घातल्यावर कटकट, तर दात झिजून एकमेकांवरून घसरतायत. मोटर फिरते आणि आकडा फिरतच नाही, तर दात तरी गेले किंवा दांड्याची पिन तरी.

मी कटकटवर बोट ठेवलं. "आधी एकेक की एकदम?" मी टेबलावर टिचकीने वाजवून दाखवलं: एक, थांबून एक, थांबून एक, मग सरी. ते माझ्या बोटाकडे बघत होते. दुसरा हात त्यांनी टेबलावर पालथा ठेवला होता, लाकडातून काय येतंय ते घ्यायला. "एक दात आधी गेला," ते म्हणाले. "त्याच्या वाटचं शेजाऱ्यावर आलं. मग रांगच गेली."

वायर काढली. अण्णांनी आकड्याचा दांडा चिमटीत धरून पुढेमागे हलवला. तो किंचित हलावा, दातात दात अडकून थांबावा. हा सैल, कशालाच न अडता फिरत राहिला. "बघ केवढा प्ले आहे," म्हणत त्यांनी माझी बोटं त्यावर ठेवली.

हा मिक्सर माझ्या भावाने न्यू जर्सीहून आणलेला. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, म्हणून ओट्याखाली लॅमिंग्टन रोडवरून आणलेला विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. मी घरातून केक, पाव आणि दिवाळीचा फराळ करून देते. सहा वर्षं हे यंत्र माझा उजवा हात आहे. आपल्या नेहमीच्या मिक्सरहून याची जात वेगळी. १९६३ साली सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईत 'सुमीत' बाजारात आणला, तो आपल्या स्वयंपाकघराची गरज ओळखून: ओलं-सुकं खोबरं, हळद, डाळ. दळायला वेग लागतो. म्हणून तसल्या मिक्सरमध्ये गिअर नसतो. मोटरचा दांडा आणि पातं यांच्यामध्ये फक्त एक कपलर. मळायला मात्र वेग नको, नेट हवा. तिकडे ओहायोत १९०८ साली हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने एका बेकरीवाल्याला लोखंडी चमच्याने पीठ घोटताना पाहिलं आणि त्याच्या डोक्यात हे यंत्र आलं, असं सांगतात. आधी ते बेकऱ्यांसाठी झालं, मग अमेरिकी युद्धनौकांच्या मुदपाकखान्यात गेलं, १९१९ साली घरात आलं. मिनिटाला हजारो फेरे घेणारी मोटर आडवी पडलेली असते. तिचा वेग उतरवून, त्याचा नेट करून, दिशा वळवून उभ्या दांड्याला द्यायचा, एवढ्यासाठी ती सगळी दातांची रांग.

आणि शेवटची चाल तर मला अजूनही मोहवते. आकडा भांड्याभोवती एका दिशेने फिरतो आणि स्वतःभोवती उलट. वरच्या कड्याला आतून दात असतात, त्यांवरून एक छोटं चाक लोळत जातं. मंगळागौरीच्या फेरात एखादी पोर स्वतःभोवती गिरक्या घेत घेत फेर पुरा करते, तसं. म्हणून भांडं जागचं हलत नाही आणि तरी एकही कोपरा सुटत नाही.

दुपारी आम्ही तो उघडला. आधी दोन्ही बाजूंचे कार्बन ब्रश काढून कुठला डावीकडचा, कुठला उजवीकडचा ते कागदावर लिहून ठेवले. ब्रश आत ठेवून मोटर ओढली की ते मोडतात. मग खालच्या चाकाची पिन. खाडीची हवा, सहा पावसाळे, पिन गंजून बसलेली. अण्णांनी तिच्यावर थेंब थेंब तेल सोडलं, चहा घेतला, मग पंच टेकवून हातोडीचे बारीक ठोके दिले. जोर केला नाही. पाचव्या-सहाव्या ठोक्याला पिन दुसऱ्या बाजूने डोकावली. झाकण उचललं तेव्हा आत काळपट पिवळा चिखल होता. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेलं तेल. फार तापलं, जुनं झालं की साबण तेल सोडतो. दोन महिने आकड्याच्या मानेवर तेलाचा एक थेंब दिसत होता आणि मी तो रोज फडक्याने पुसत होते. पुसला, पण विचारलं नाही, का येतोय.

आइस्क्रीमच्या काडीने ग्रीस खरवडत आम्ही तुकडे शोधले. अण्णांनी प्रत्येक तुकडा रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर मांडला आणि उडालेल्या दातांशी ताडून पाहिला. सहा दात गेले होते. पाच तुकडे मिळाले. सहाव्यासाठी आणखी पाऊण तास. तो मिळेपर्यंत ते पुढे सरकेनात. एक कण आत राहिला तर नवा गिअर खाईल.

मोटरच्या टोकाला मळसूत्रासारखा पोलादी स्क्रू असतो, कारखान्यात त्याला वर्म म्हणतात. तो ज्या चाकाला फिरवतो ते वर्म व्हील. अण्णांनी आधी वर्मावर नख फिरवलं, वळ्यावळ्यातून, डोळे मिटून. तो शाबूत होता. गेलं होतं ते चाक, पिवळ्या ब्राँझचं, पोलादापेक्षा मऊ. "पीठ कसलं होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "कितीवर?" चारवर. लवकर व्हावं म्हणून. त्यांनी मला बोल लावला नाही. पावाचं पीठ पाणी पितं, सैल असतं, आकड्याला वाट देतं. शंकरपाळ्याचं पीठ तुपाच्या मोहनाचं, घट्ट, वाट न देणारं. ते दोनच्या वर न्यायचं नाही आणि भांडं अर्ध्यावर भरायचं नाही, इतकं साधं होतं ते.

नेरूळहून ठाण्याची गाडी पकडून आम्ही रबाळ्याला गेलो. २००४ साली ही ट्रान्स हार्बर लाइन सुरू झाली, त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. म्हणजे जन्मभर बसमध्ये लोंबकळून गेलेला माणूस आता खिडकीत बसून तोच रस्ता बघत होता. त्यांच्या कारखान्याच्या जागी काचेची इमारत आहे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. आर्मेचर मी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं.

गिअर कापणारे गाळे अजून आहेत तिथे. एका गाळ्यात हॉबिंग मशीनवर दुधासारखं पांढरं कूलंट वाहत होतं आणि जमिनीवर पितळी कीस सांडला होता. अण्णा दारातच थांबले आणि त्यांनी खोल श्वास घेतला. आतल्या तरुण कारागिराने तुटकं चाक उलटसुलट पाहिलं, कॅलिपर लावला, वर्मावर धरून पाहिलं. मग मला म्हणाला, "ताई, ब्राँझ कशाला? ईएन ट्वेंटीफोरमध्ये काढतो, हार्ड करून देतो. जन्मात तुटायचा नाही."

मला ते आवडलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, दहा घरांची मागणी शिल्लक. मी चलनाच्या मागे लिहून अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "नको. फॉस्फर ब्राँझच."

"काका, स्टील मजबूत असतं."

"म्हणूनच नको. पोलादावर पोलाद घासलं की वर्म खातं. वर्म गेलं की आर्मेचर गेलं, नाहीतर मोटर जळाली. कुठेतरी मऊ ठेवावंच लागतं. फक्त जे बदलता येतं, तेच मऊ ठेवायचं."

कारागिराने मान डोलावली आणि फळीवरून ब्राँझचा गोल काढला. मी अण्णांच्या कानाकडे बघत राहिले. पांढऱ्या केसांत लपलेले, दोन्ही बाजूंचे. तो कायदा त्यांना ठाऊक होता, त्या प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं ठाऊक होता, आणि ज्यांनी तो कारखाना आखला त्यांना तो यंत्रापुरताच ठाऊक होता. मला त्या क्षणी फार राग आला. अजून येतो.

चौथ्या दिवशी चाक मिळालं. नवं, तांबूस पिवळं, दातांच्या कडा अजून धारदार. खालचा दांडा थेट अन्नावर उभा असतो, तिथे गाडीचं ग्रीस चालत नाही, म्हणून खाद्ययंत्रांचं पांढरं ग्रीस आणलं. अण्णांनी ते दातादातांत बोटाने भरलं. जोडणी उलट्या क्रमाने: चाक, झाकण, पिन, ब्रश. मग त्यांनी मिक्सरच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि मला मान हलवून खूण केली.

मी एकवर लावला. दोनवर. "कसा वाजतोय?"

खाली घुमता सूर होता, आणि त्याच्यावर एक बारीक, तारेसारखी चीं. ती त्यांच्या तळव्याला कळणारी नव्हती, कानाला तर नाहीच. मी समासातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. ते हसले. "नवे दात बसतायत. दोन-तीन भांड्यांत जाईल. गेली की सांग."

पीठ अर्धं घेतलं, दोनच्या वर नेलं नाही. पहिल्या भांड्याला चीं होती, दुसऱ्याला फक्त शेवटी शेवटी. तिसऱ्याला मी तूप मोजायचं थांबवून ऐकत उभी राहिले. नव्हती.

बाहेर आले तेव्हा अण्णा त्यांची जुनी वही उघडून बसले होते. घरातल्या प्रत्येक यंत्राची नोंद आहे त्यात: पंखा, पंप, आईचं शिलाई मशीन. रकाने पट्टीने आखलेले, कारखान्यातल्या रजिस्टरसारखे. तारीख लिहून झाली होती, कामही. शेवटचा रकाना 'आवाज' असा होता. मी आजवर ही वही कधी उघडली नव्हती. पूर्वीच्या नोंदींत तो रकाना भरलेला होता. गेल्या दहा-बारा वर्षांच्या नोंदींत कोरा.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातून पेन घेतलं नाही. समोर बसले आणि ओठ सावकाश हलवत म्हटलं, "घुमतोय."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी लिहिलं.