पाऊल कुणाचे?

लक्ष्मीची पावले आपण दारात रांगोळीने काढतो. बाकीचे पाहुणे आपली पावले आपणच काढून जातात. आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. त्यामुळे जिन्यावर सदा सिमेंटची बारीक धूळ असते, आणि दिवसभरात कोण आले, कोण गेले याची नोंद संध्याकाळपर्यंत तिच्यावर आपोआप होते.

गेल्या वर्षी वसुबारसेला शेजारच्या काकूंनी घासून दारात वाळत ठेवलेली पितळी समई नाहीशी झाली. धुळीत चपलेचा एक ठसा तेवढा राहिला होता : चवड्यावर नागमोडी रेघा, टाचेवर चौकटी. कुणीतरी गाड्या पुसणाऱ्या पोराची चप्पल उलटी करून पाहिली. तीच नक्षी! मग काय विचारता? आरोप, साक्ष आणि निकाल, तिन्ही जिन्यातच उरकले. पोरगा गोरामोरा होऊन अनवाणी उभा.

गलका ऐकून तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार वर आले. त्यांनी सर्वांनाच चपला काढायला लावल्या. तशाच नागमोडी रेघा आणखी दोघांच्या चपलांना निघाल्या. त्यांतले एक काकूंचे धाकटे चिरंजीव!

"काकू, हे नुसते आडनाव झाले," फौजदार म्हणाले. "माणसाचे नाव अजून लागायचे आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले. एका साच्यातून हजारो चपला निघतात; दुकानात असेपर्यंत त्या सगळ्या सारख्या. पायात आली की मात्र प्रत्येक चप्पल निराळी होऊ लागते. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुठे खिळ्याचा चरा पडतो, कुठे खडा रुतून बसतो. नुसती नक्षी जुळली तर 'अशी चप्पल' एवढेच कळते. 'हीच चप्पल' म्हणायला ती झीज आणि तो चरा जागच्या जागी जुळावा लागतो. म्हणूनच तपासात ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून छायाचित्र घेतात, उजेड बाजूने तिरपा टाकतात, आणि चिखलातल्या खोल ठशात प्लॅस्टरसारखा लगदा ओतून त्याची प्रतिकृती काढतात.

पोराच्या चपलेच्या टाचेला आडवी चीर होती. धुळीतली टाच अखंड होती. समई काही मिळाली नाही. काकूंनी पोराला फराळाला बोलावले. तो आला, पण चप्पल खाली फाटकापाशीच काढून आला.

ही विद्या आपल्याकडे जुनीच. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली लिहिलेल्या अहवालात तिचे वर्णन आहे. गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग काढीत शेजारच्या गावापर्यंत जाई, आणि तिथल्या जागल्याची खात्री पटली म्हणजे मगच आपल्या जबाबदारीतून सुटे. ही खात्री पटवण्याची अट मला फार मोलाची वाटते. आपले सर्वोच्च न्यायालयही सावधच आहे. पावलांच्या ठशांची विद्या अजून प्राथमिक अवस्थेत आहे, असे त्याने म्हटले. पुढे १९६१ साली, मुंबई राज्याच्या एका खटल्यात, आरोपीने हाताचा वा पायाचा ठसा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. ठसा म्हणजे केवळ ताडून पाहण्याचे साहित्य.

ताडून पाहणारा डोळा मात्र माणसाचा असतो, आणि त्याला घाई फार. 'असाच' आणि 'हाच' या दोन शब्दांमध्ये जेवढे अंतर आपण राखू, तेवढाच गरिबाच्या अब्रूला आसरा.