मानशीच्या दाराशी

पणजीहून रायबंदरकडे निघालं की डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला मिठागरं लागतात. पोर्तुगिजांनी १६३३-३४ साली बांधलेला हा दगडी बांध आजही गाड्यांची वर्दळ सोसतोय. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात समोरचा काठ, चोडण. बहुतेक पाहुणे उतरल्या उतरल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात शिरतात (१९८८ सालचं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं), बगळे-खंड्या पाहतात आणि परतीची बोट पकडतात. माझं चोडण मात्र तिथून पुढे, खाजन शेतांच्या कडेने सुरू होतं. तिथे माझं आजोळ आहे, आणि गेल्या कार्तिकापर्यंत तिथे भाईमामा होते.

खाजन म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पूर्वजांनी खारफुटीच्या चिखलात बांध घालून ती खाडीकडून मागून घेतली, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी. गोव्यात अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन आहे. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून खाडीत जातं, भरती आली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. ना वीज, ना मोटर, ना माणूस. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. इतक्या कमी भागांत इतकं बिनचूक चालणारं काही आमच्या ऑफिसात मी पाहिलेलं नाही.

पण ‘ना माणूस’ हे भाईमामांना मान्य नव्हतं. दारात एखादी फांदी अडकते, फळीला कीड लागते, खेकडे बांध पोखरतात. बोटभर फटीतून एका उधाणात येणारं खारं पाणी भाताची मुळं जाळायला पुरतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत जेवून उठले की ते विजेरी घ्यायचे आणि मामीला सांगायचे, “दार पळोवन येतां.” मामी कधी उलट विचारायची नाही, फक्त कॉफीचं भांडं चुलीच्या कडेला ठेवायची.

दाराकडे जायला बांधावरून पायवाट होती, पण ते होडीनेच जायचे. छोटी, दोन-तीन माणसांची लाकडी होडी. खारफुटीतून जाणारा चिंचोळा पाट त्यांना अंधारातही पाठ होता. शेत आतून दिसतं आणि बांध बाहेरून, असं त्यांचं म्हणणं. बांधाला कुठे भेग पडलीय, कुठे दगड सरकलाय, हे पाण्यावरूनच कळतं. त्यामुळे त्यांच्या लेखी शेती आणि होडी ही दोन कामं कधीच नव्हती. लोक म्हणायचे, भाईला होडीचा नाद आहे. नाद होताच. पण त्या नादावर सगळ्या वाड्याचं भात उभं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं जमलो की नाळेवर कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. मामांनी वार लावून दिले होते आणि ते काटेकोर पाळायचे, माझा बुधवार. नाळेवर बसणाऱ्याने पाणी वाचायचं. चढतंय की उतरतंय, हे खारफुटीच्या मुळांवरच्या ओल्या रेघेवरून सांगायचं. भरतीची वेळ काढायला मामा तिथीची पाऊणपट करायचे: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरणार. पुढे फर्मागुडीला इंजिनिअरिंग करताना मी मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक त्यांच्यासमोर धरलं. ते म्हणाले, मुरगावचं पाणी इथपर्यंत चढायला वेळ लागतो तो कुठे लिहिलाय? मग हसून म्हणाले, “उदक कोणाचें आयकना रे. आमीच ताचें आयकूंक जाय.”

मे महिन्यात ते शेत नांगरून उन्हात तापत ठेवायचे. मृगाचा पाऊस आला की पहिलं पाणी शेतातून वाहू द्यायचे, मीठ धुऊन जावं म्हणून. मग मोड आणलेलं कोरगुट पेरायचं. कोरगुट हे खाऱ्या मातीत तग धरणारं आमचं जुनं भात. जुने गोवे-एला इथल्या कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून ‘गोवा धान’ नावाच्या जाती काढल्या आहेत. मामांना त्याचा अभिमान होता, पण बी मात्र ते घरचंच ठेवायचे. जाड, लालसर तांदूळ. त्याची पेज आणि खारातली कैरी यापुढे मला अजून कुठलाही नाश्ता फिका वाटतो. चवथीला नव्याची कणसं आणि माटोळीची रानफळं होडीतूनच घरी यायची.

मानशीतल्या मासळीचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. शेवटे, काळुंदर, चोणक, सुंगटां. ओहोटीला दाराशी जाळं लावलं की चांगला पैसा मिळतो. इथेच मेख आहे. भात उभं असताना दार थोडं उघडं ठेवलं तर मासळी जास्त येते. एका वर्षी ते तसं ठेवलं गेलं. आमच्यासकट अनेकांचं पीक पिवळं पडलं. भाईमामा एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या रात्रीच्या बैठकीत म्हणाले की मासळीचा हिशोब कागदावर होतो, भाताचा पानात. पुढच्या वर्षापासून, पीक कापेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, ही अट लिलावाच्या कागदात आली.

आता ते नाहीत. मामेभाऊ जहाजावर नोकरीला, वर्षातले सहा-आठ महिने समुद्रात. मी पुण्यात. आमच्या शेताला लागून असलेल्या काही पट्ट्या गेली काही वर्षं पडीक आहेत आणि त्यांत खारफुटीची रोपं उभी राहिलीत. खारफुटी पक्ष्यांना हवी, खाडीला हवी, तिच्याशी माझं भांडण नाही. पण शेतात ती एकदा वाढली की कायद्याने तोडता येत नाही, आणि बांधाकडे लक्ष देणारं एक घर कमी होतं. खाजनात एकट्याचं शेत असं नसतंच. एकाने सोडलं की शेजाऱ्याच्या शेतात मीठ चढतं. घेणारे येऊन भाव विचारून गेलेत. मामेभावाने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मी त्याला दोष देत नाही. मामीचं औषधपाणी आणि घराचा खर्च त्या शेतातून निघत नाही, हे आकडे मीच त्याला मांडून दिले.

यंदा शेत शेजाऱ्यांनी अर्धेलीने केलं. दाराच्या पाळ्या वाड्यातल्या चार घरांनी वाटून घेतल्या आहेत. पौर्णिमेची पाळी आमच्या घराची, आणि ती मामीने कुणाला दिलेली नाही. शेजारचा पोरगा होडी वल्हवतो, मामी विजेरी धरून बसते. होडीच्या तळाला एक सांधा सुटलाय. काजूचा हंगाम संपला की टरफलांचं तेल लावून तो बुजवायचा आहे, त्यासाठी मी मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकली आहे.