माळव्याची दैनंदिनी : महिदपूर ते भानपुरा

सोमवार, इंदूर

गेल्या हप्त्यात वाफगावचा भुईकोट पाहून झाला. यशवंतराव होळकरांचं आयुष्य जिथून सुरू झालं तिथून आता जिथे संपलं तिकडे निघालो आहे. वाटेत इंदूर टाळणं शक्य नाही.

होळकरांचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. १८०१ साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं, जाळलं, त्यात जुना वाडा गेला. तो पुन्हा उभा केला दिवाण तात्या जोगांनी. त्यानंतरही तो पुन्हा जळाला. १९८४ च्या दंगलीतली आग तर अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेली. तात्या जोग १८२६ मध्ये वारले. खिडकीवर तिकीट देणाऱ्याला त्यांचं नाव विचारलं तर म्हणाला, "कौन जोग?" त्याचा तरी काय दोष? इथे विमानतळापासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे अहिल्याबाई आहेत, आणि ते योग्यच आहे. पण दिवाणाचं नाव घ्यायला घराणं लागत नाही, एक पाटी पुरते.

मुक्काम रामबागेत, ओळखीच्या काकूंकडे. पोहे-जिलबी पुढे ठेवता ठेवता त्यांनी सुनावलं, "तुम्हा पुण्याच्या लोकांना यशवंतराव म्हटलं की लूट आठवते. अहो, आधी विठोजींचं काय केलंत ते सांगा ना!"

काय सांगणार? एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने यशवंतरावांच्या भावाला, विठोजींना, शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांची एकत्र फौज मोडली. बाजीराव पळाला तो अखेर इंग्रजांच्या आसऱ्याला, आणि वर्ष संपता संपता वसईचा तह झाला. पुणं लुटलं गेलं हेही खरं. काकूंना मी तेवढं म्हणालो. त्यावर दुसरी जिलबी आली, उत्तर आलं नाही.

मंगळवार, महिदपूर

उज्जैनवरून इथे आलो. क्षिप्रेला या दिवसांत पाणी बेताचंच. २१ डिसेंबर १८१७ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेने ही नदी ओलांडून होळकरांच्या तोफांवर सरळ चाल केली. तोफा उत्तम चालल्या, कंपनीची जवळजवळ ८०० माणसं मेली वा जायबंदी झाली. तरी लढाई होळकर हरले. गादीवरचे मल्हारराव, यशवंतरावांचे पुत्र, तेव्हा अकरा वर्षांचे.

मला मात्र आदली रात्र पाहायची होती. यशवंतरावांच्या मागे मुलाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाई इंग्रजांशी बोलणी करताहेत, या संशयावरून त्यांच्याच फौजेने त्यांना धरलं, नदीकाठी नेलं, मान कापली आणि प्रेत पाण्यात टाकलं. पानवाल्याला विचारलं, घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं. लढाई माहीत, बाई कुणालाच माहीत नाहीत. माल्कमने त्यांच्या रूपाबद्दल आणि स्वभावाबद्दल बरंच लिहून ठेवलंय, म्हणजे आपल्याला त्या दिसतात त्या शत्रूच्या डोळ्यांनी. मल्हाररावांची जन्मदात्री कृष्णाबाई. त्यांची छत्री इंदुरात भर वस्तीत आहे, तो भागच कृष्णपुरा म्हणून ओळखला जातो. मुलगा गादीवर राहिला की आईला छत्री मिळते. तुळसाबाईंना स्वतःचं मूल नव्हतं.

बुधवार, जावरा, मंदसौर

दिवस बसमध्ये गेला. जावरा हे होळकरांचा सरदार गफूरखान याचं संस्थान होतं, महिदपूरला ऐनवेळी कच खाल्ल्याचा आळ त्याच्यावर आहे. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने ते त्याला पक्कं झालं. त्याच तहाने होळकरांचा खानदेश गेला. होळकरांच्या बाजूने हा तह जुळवला तोही तात्या जोगांनीच. मंदसौरला लसणाचा वास बसपर्यंत येतो.

गुरुवार, भानपुरा

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अफूची पांढरी फुलं. सरकारी परवान्याचं पीक, राखणीला माणूस, पोपटांना हाकलायला डबे. याच मुलखात यशवंतराव इंग्रजांशी झालेल्या १८०५ च्या तहानंतर येऊन बसले. बियास नदीकाठी झालेला तो तह त्यांना कधी पचलाच नाही. इथे त्यांनी तोफा ओतायचा कारखाना काढला आणि भट्टीपाशी स्वतः राबू लागले. रात्रंदिवस तेच, जोडीला दारू. भाऊ काशीराव आणि पुतण्या खंडेराव यांच्या मृत्यूचा डागही याच काळातला, आणि तो पुसता येत नाही.

१८०८ मध्ये बुद्धीवरचा ताबा सुटला. माणसांनी धरून दोरांनी बांधावं लागे. पुढे तेही राहिलं नाही. शुद्ध हरपल्यासारखे पडून असत, दुधावर ठेवलेले. ज्याने हडपसर जिंकलं, इंग्रज सेनापती लेक याला भरतपूरपर्यंत दमवलं, तो माणूस २८ ऑक्टोबर १८११ ला, पस्तिशी गाठायच्या आत, या गावात गेला.

छत्री गावातच आहे. दगड जाड, काम नेटकं, आवारात संग्रहालय. हिंगलाजगडावरून आणलेल्या मूर्ती ओळीने मांडल्यात. एका देवीचा हात कोपरापासून गेलाय, पण कमरपट्ट्यातला मणी न् मणी शाबूत. पायाशी पांढऱ्या रंगात नोंदणीचा क्रमांक घातलाय, त्याचा ओघळ थेट पैंजणावर. लोक येतात ते या मूर्ती बघायला. शाळेची सहल आली होती. मास्तरांनी मूर्तींच्या काळच्या परमार राजांवर पंधरा मिनिटं घेतली, आणि छत्री कुणाची हे निघता निघता सांगितलं.

पहारेकरी उत्साही निघाला. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर म्हणाला, "महाराजांच्या गावचे लोक येत नाहीत इकडे. तुम्ही कसे आलात?" तो हे हिंदीत म्हणाला, पण रोख नेमका लागला. कारखान्याची जागा कोणती, यावर तो आणि बाहेरचा चहावाला यांचं एकमत होईना. दोघांनी दोन दिशा दाखवल्या, मी दोन्हीकडे जाऊन आलो, दोन्हीकडे घरं.

शुक्रवार, भवानी मंडी, दरा

भवानी मंडी स्टेशनाचा फलाट अर्धा मध्य प्रदेशात, अर्धा राजस्थानात. कोट्याच्या गाडीने निघालो. पुढे दऱ्यापाशी मुकुंदऱ्याचे डोंगर लागतात, आता तिथे वाघांचं अभयारण्य आहे. १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांचा कर्नल मॉन्सन यशवंतरावांपुढे माघार घेत याच डोंगरांतल्या खिंडीतून आग्र्याकडे पळत सुटला. तोफा चिखलात टाकून, माणसं वाटेत सोडून. कोट्याचा कारभारी झालिमसिंग याने त्याच्या फौजेला शहरात घेतलंच नाही. मग याच झालिमसिंगाची आणि यशवंतरावांची भेट चंबळच्या पात्रात, होड्यांत झाली. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या टॉडने ती रंगवून सांगितली आहे. झालिमसिंगाची दृष्टी गेलेली, यशवंतरावांचा एक डोळा बंदूक फुटून गेलेला, आणि विश्वास दोघांचाही दोघांवर नाही. झालिमसिंग १८२४ पर्यंत जगला. ज्याला थांबायचं कळतं तो टिकतो. यशवंतरावांना ते कळलं नाही, आणि मला ते त्यामुळेच जवळचे वाटतात.

ज्यांना जायचं असेल त्यांनी मुंबई-दिल्ली मार्गावर भवानी मंडीला उतरावं, भानपुरा तिथून जवळ आहे. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. तारीख निवडता आली तर २८ ऑक्टोबर निवडा, आणि मूर्ती नंतर बघा, छत्री आधी.