जखम सुकवायची की भरू द्यायची?

"डॉक्टर, जखमेला पाणी लागलं तर चालेल ना?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पट्टी काढून जरा वारा लागू दिला तर लवकर सुकेल ना?" हे दोन प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतात. विचारणारे साठीतले आजोबा असतात, तसे कॉम्प्युटरवर बसणारे तरुणही असतात. आपल्या भाषेनेच थोडा घोळ करून ठेवला आहे. जखम 'सुकली' म्हणजे बरी झाली, 'चिघळली' म्हणजे बिघडली. ओलं ते वाईट, कोरडं ते चांगलं, असं आपण धरून चालतो. त्वचेचा कारभार मात्र असा चालत नाही. हे समजायला आधी त्वचा आतून कशी आहे ते थोडं पाहावं लागेल.

मोठ्या माणसाची सगळी त्वचा उलगडून अंथरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे एका माणसाला झोपायला लागणाऱ्या चटईएवढी. तिचे ढोबळ तीन थर. सगळ्यात वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा आणि सगळ्यात खाली चरबीची गादी. गंमत अशी की बाह्यत्वचेचा जो वरचा पापुद्रा आपण आरशात पाहतो आणि ज्यावर महागडी क्रीमं लावतो, तो मेलेल्या पेशींचा असतो. विटांवर विटा रचाव्यात तशा या चपट्या पेशी एकमेकींवर बसलेल्या असतात आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी मात्र जिवंत पेशींची एक ओळ असते. ती सतत नव्या पेशी तयार करून वर ढकलते. तळातून निघालेली पेशी साधारण महिनाभरात वर पोचते, तोवर मरते आणि शेवटी अंघोळीच्या वेळी टॉवेलला लागून निघून जाते.

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून नुसतं साल निघालं तर रक्त येत नाही. पापणीवर ही बाह्यत्वचा वहीच्या कागदापेक्षाही पातळ असते, तर तळपायाला मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड. खालची अंतस्त्वचा म्हणजे खरा मालमसाला. कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांचं विणकाम, त्यात रक्तवाहिन्या, नसांची टोकं, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं.

त्वचेची कामं शाळेत आपण पाठ केलेली आहेत. जंतूंना अडवणं, घामाने शरीर थंड ठेवणं, उन्हापासून रक्षण, ड जीवनसत्त्व, स्पर्श. माझ्या मते यातलं सगळ्यात मोठं काम कोणी सांगत नाही, ते म्हणजे आतलं पाणी आत राखणं. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला पहिल्या दिवशी बाटल्यांवर बाटल्या सलाइन का लावावं लागतं? कारण झाकणच उडालेलं असतं. पेशी पाण्यातच जगतात, आणि त्या पाण्याला धरून ठेवायला वर तो मेलेला पापुद्रा लागतो.

आता एखादा मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचा गुडघा फुटला असं समजू. पहिल्या काही मिनिटांत रक्तवाहिन्या आक्रसतात, प्लेटलेट्स तोंडाशी गोळा होतात आणि गुठळी बनते. या वेळी आपलं काम एकच, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरणं. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून "थांबलं का?" पाहिलं तर ते थांबत नाही. त्यानंतरचे दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशींचे. त्या जंतू मारतात, मेलेला कचरा उचलतात. जखमेच्या कडा लाल, गरम, थोड्या सुजलेल्या दिसतात त्या या साफसफाईमुळे. एवढी सूज म्हणजे इन्फेक्शन नव्हे. तिसऱ्या दिवसानंतर लाली आणि ठणका कमी होण्याऐवजी वाढू लागला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला, तर मात्र लगेच दाखवा.

मग भरणं सुरू होतं. तळातून नव्या बारीक रक्तवाहिन्यांचे कोंब फुटतात आणि जखम लालबुंद, दाणेदार दिसू लागते. आपल्याकडे याला मांसांकुर हा फार छान शब्द आहे. नातेवाईक हे पाहून घाबरतात, पण मी हे दिसलं की खूश होतो. त्याच वेळी कडेच्या बाह्यत्वचेच्या पेशी जागा सोडून जखमेवरून अक्षरशः सरकू लागतात, दोन्ही काठांवरून मध्याकडे. त्यांना सरकायला ओली जमीन लागते. जखम उघडी ठेवून कडक खपली धरू दिली, की त्यांना त्या खपलीच्या खालून, ओल शोधत, वाकडी वाट काढत जावं लागतं.

हे माझं मत नाही. जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर सारख्या वरवरच्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लास्टिकच्या फिल्मने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. १९६२ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. आजची सगळी आधुनिक ड्रेसिंग्ज याच गोष्टीवर उभी आहेत. साठ वर्षं उलटली, तरी आपल्या घराघरांत अजून "वारा लागू दे" चालूच आहे.

ओलसर म्हणजे चिंब नव्हे, हेही सांगतो. वाहत्या नळाच्या पिण्यायोग्य पाण्याने जखम धुवा, साबण कडेने लावा, टिपून घ्या, व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि पट्टी बांधा. साध्या खरचटण्याला एवढं पुरतं. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज ओतू नका. फेस पाहून समाधान वाटतं खरं, पण ते जंतूंबरोबर नव्याने आलेल्या कोवळ्या पेशीही मारतं. पावडरीचा थर देऊ नका, त्याचा दगड होतो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. हळद, चुना, चहा पावडर, राख यांचंही तेच. हळदीवर माझा राग नाही, दुधात घालून खुशाल प्या. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. कुत्रा चावला असेल तर यातलं काहीच लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी या.

टीटीबद्दलही थोडं. "सहा महिने झाले, इंजेक्शन द्या" असं लोक हक्काने सांगतात. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला १० वर्षं आणि माती-शेणाच्या किंवा खोल जखमेला ५ वर्षं आधीचा डोस चालतो. धनुर्वाताचा जंतू राहतो मातीत आणि शेणात. त्यामुळे शेतातला स्वच्छ दिसणारा काटाही गंजलेल्या खिळ्याइतकाच धोक्याचा.

त्या मुलाच्या गुडघ्यावर वण राहत नाही, आणि उकळत्या तेलाने खोल भाजलेल्या हातावर राहतो, असं का? उत्तर केसांच्या मुळांत आहे. अंतस्त्वचेत खोलवर रुतलेल्या या मुळांत बाह्यत्वचेच्याच पेशींचा साठा असतो. वरवरच्या जखमेत शेकडो मुळं शाबूत राहतात आणि प्रत्येकातून नव्या त्वचेचं एक बेट उगवतं. खोल जखमेत मुळंच जातात, मग सगळं काठांवरूनच भरावं लागतं. तिथे विणकाम पहिल्यासारखं होत नाही, घाईने घातलेल्या रफूसारखं होतं. भाजल्यावर लगेच वीस मिनिटं नळाखाली धरा, असं मी घसा कोरडा करून सांगतो ते यासाठीच. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. साध्या पाण्याने उष्णता खोलवर उतरायची थांबते. आणि खूप भाजूनही दुखत नसेल तर हायसं वाटून घेऊ नका, नसांची टोकं जळालेली असू शकतात.

आता पथ्य. या विषयावर माझा आवाज थोडा चढतो. "पू होईल" म्हणून आपल्याकडे जखम झालेल्या माणसाचं वरण बंद, अंडं बंद, दही बंद, लिंबू बंद. उरतं काय? भाकरी आणि चहा. कोलॅजन हे प्रथिन आहे, ते हवेतून बनत नाही. ते नीट विणायला क जीवनसत्त्व लागतं. आंबट बंद केलं म्हणजे नेमकं तेच बंद झालं. १७४० साली अँसन या इंग्रज कमोडोरबरोबर निघालेल्या खलाशांना ताज्या अन्नाविना स्कर्व्ही झाला. त्यात एक म्हातारा खलाशी होता. पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत झालेल्या आणि केव्हाच भरून गेलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या. वण ही संपलेली गोष्ट नसते. तिथलं कोलॅजन मोडत असतं आणि नवं विणलं जात असतं, आणि त्याला आयुष्यभर खुराक लागतो. पू होतो तो जंतूंमुळे, वरणामुळे नाही. माझ्या पेशंटला मी दोन वाट्या डाळ, चालत असेल तर अंडं, आणि पेरू नाहीतर आवळा लिहून देतो, औषधाच्याच कागदावर.

दुसरी गरज रक्ताची. याची साक्ष पुण्याजवळचीच आहे. म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं. पुढे पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली. त्या कारागिराची हुशारी अशी की कातडीचा एक पट्टा त्याने दोन भुवयांच्या मध्ये जोडलेलाच ठेवला आणि सुमारे २५ दिवसांनी तोडला. तोवर त्या पट्ट्यातून रक्त येत राहिलं, म्हणून नाक जगलं. तंबाखू आणि सिगारेट नेमक्या याच बारीक वाहिन्या आवळतात. मधुमेह वर्षानुवर्षं ताब्यात नसला की त्या आतून अरुंद होतात.

आणि मधुमेहात आणखी एक गोष्ट हरवते, दुखणं. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, माझ्याकडे आले तेव्हा बाभळीचा काटा चपलेतून पायात शिरून दोन आठवडे झाले होते. पहिले तीन दिवस ते त्यावर चालत होते. घरच्या फरशीवर डाग दिसले तेव्हा त्यांच्या पत्नीने पाय उलटून पाहिला. मग एका ठिकाणी रोज पेरॉक्साइड, वर पावडर, घरी पाय उघडा टाकून पंखा, आणि वरण-दही बंद. जखमेवर काळी टणक खपली होती आणि तिच्याखाली पू बोटाच्या हाडापर्यंत पोचला होता. "डॉक्टरसाहेब, दुखलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो," ते म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. चौदा वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. सर्जननी मेलेला भाग काढला, दुसरं बोट काढावं लागलं. इन्सुलिन सुरू झालं, ओलसर ड्रेसिंग, पायावर भार बंद, ताटात पुन्हा वरण. पाऊल वाचलं. जखम पूर्ण भरायला तीन महिने लागले. आता रोज रात्री काकू त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या दिव्याखाली पाहतात. ज्यांना दहा वर्षांहून जुना मधुमेह आहे त्यांनी हे आजपासून करावं. एकटे असाल तर जमिनीवर आरसा ठेवा. अनवाणी फिरू नका, देवळातसुद्धा मोजे घाला. आणि मधुमेह्याच्या पायावरची जखम, दुखो न दुखो, त्याच दिवशी दाखवा. इतरांची जखम दोन आठवड्यांत भरायची लक्षणं दाखवत नसेल तर त्यांनीही यावं.

जखम मिटली की लोक काम संपलं असं समजतात. आतलं विणकाम मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. तिसऱ्या आठवड्याला त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम पाचवा हिस्सा असते. पुढे कितीही दिवस गेले तरी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबते. टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती उचलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खाज येते, ती भरण्याचाच भाग आहे, खाजवू नका, मॉइश्चरायझर लावा. उन्हात वण काळा पडतो म्हणून झाका किंवा सनस्क्रीन लावा. छाती, खांदा, कानाची पाळी इथला वण मूळ जखमेच्या बाहेर वाढत चालला तर तो केलॉइड असू शकतो, तेवढा लवकर दाखवा. बाकी लाल, उठून दिसणारा वण घेऊन दुसऱ्याच महिन्यात प्लास्टिक सर्जनचा पत्ता मागायला मुलींच्या आया येतात. त्यांना मी सनस्क्रीन लिहून देतो आणि सांगतो, पुढच्या दिवाळीनंतर या, तेव्हा पाहू.