बंदरावरचा निवाडा

जन्मभर वर्गात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. पण खराखुरा निवाडा देण्याचा प्रसंग आला, तेव्हा हा जुना मास्तर निरुत्तर झाला.

सन २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीने आमच्या कोकणातील बंदरात नौका नांगरून पडल्या होत्या. १० एप्रिलला केंद्रीय गृहखात्याने सागरी मासेमारीस मोकळीक दिली, आणि माझे दोन जुने विद्यार्थी, दोघेही नौकांचे मालक, भांडत अंगणात आले.

एक म्हणाला, "गुरुजी, जूनपासून पावसाळी बंदी. हे सात आठवडे हातचे गेले तर कर्जाचा हप्ता कोण भरील?"

दुसरा म्हणाला, "तांडेल धरून आठ माणसे एका नौकेत जेवणार, निजणार, तेथे अंतर कसले? शिवाय बर्फ नाही, गिऱ्हाईक नाही. आणलेली मासळी घालावी कोठे?"

शांतिपर्वातील आपद्धर्म मी अनेकदा समजावून सांगितला होता. त्या दिवशी मात्र 'घरीच बसा' हे शब्द ओठांवर येऊन थांबले. माझे निवृत्तिवेतन घरबसल्या येत होते. मला रोगाचे भय होते, भुकेचे नव्हते.

पहिला समुद्रावर गेला. दुसरा किनाऱ्यावरच राहिला. त्याच्या नौकेवर नेपाळचे खलाशी अडकले होते. परतल्यावर पहिल्याने आपल्या मासळीचा वाटा मुकाट्याने त्यांस पोचविला.

वाचकहो, आपत्काली माणसाचे मत बहुधा त्याच्या भयावरून ठरते. म्हणून दुसऱ्यास भित्रा किंवा बेपर्वा म्हणण्यापूर्वी आपली चूल कशावर पेटते, हे पाहावे.