अलीगढचा अकरा वाजताचा नाश्ता

आमची थोरली मुलगी अलीगढला शिकते. बी.ए.चे दुसरे वर्ष आहे. डिसेंबरच्या सुटीत ती रत्नागिरीला घरी आली तेव्हा अंगातला कमीज खांद्यावरून उतरत होता. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९ निघाले. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "सकाळी काय खातेस?"

"चहा."

"आणि?"

"आणि अकराच्या सुमारास काहीतरी."

दादींनी त्याच संध्याकाळी फर्मान काढले : पोरीला परत आणा, इथल्या कॉलेजात घाला, शिक्षण काय पळून जाते का! मुलीचे अब्बा गप्प होते. ते गप्प असले की त्यांना दादींचे पटलेले असते, हे आम्हाला वीस वर्षांत कळले आहे. मुलगी रडली नाही, पण रात्री तिने सामान बांधायला घेतले. शेवटी ठरले की तिने आत्ता जावे, आणि २६ जानेवारीचे झेंडावंदन झाले की आम्ही दोघांनी अलीगढला जाऊन ती काय खाते, कुठे खाते, ते डोळ्यांनी पाहून यावे. पुढचे मग ठरवू.

म्हणून हे प्रवासवर्णन थोडे खाण्याच्या अंगाने जाणारे आहे. ताजमहाल पाहायला आम्हाला वेळ मिळाला नाही. आपल्या भागातली पुष्कळ मुले-मुली आता तिकडे प्रवेश घेतात, त्यांच्या घरच्यांना या माहितीचा उपयोग व्हावा.

दिल्लीपासून अलीगढ सुमारे १३० किलोमीटर. हावड्याकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर ते आहे. या लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. एका बाजूला विद्यापीठ आणि सिव्हिल लाइन्स, रुंद रस्ते, जुनी झाडे. दुसऱ्या बाजूला जुने शहर, बाजार, ऊपरकोट आणि कुलुपांचे कारखाने. मध्ये काठपुला नावाचा पूल. आम्ही विद्यापीठाच्या बाजूला दोधपूरमध्ये खोली घेतली होती.

पहिल्या दिवशी फजरची नमाज झाली आणि आम्ही तयार होऊन बसलो. कोकणातल्या माणसाला आठ वाजेपर्यंत पोटात घावन किंवा भाकरी लागते. खिडकीबाहेर पाहिले तर समोरचे घर दिसत नव्हते. इतके धुके आम्ही आंबा घाटातही पाहिले नव्हते. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अकराला येते. आधी रिक्षासुद्धा दिसत नाही." आम्ही सोबत आणलेले रव्याचे लाडू खाल्ले आणि पुन्हा रजई ओढली.

अकरा वाजता ती आली, वसतिगृहाच्या रजिस्टरवर सही करून. हसत म्हणाली, "अम्मी, याला ब्रंच म्हणतात." हा शब्द इंग्लंडात १८९० च्या दशकात ब्रेकफास्ट आणि लंच जोडून रूढ झाला. नवल असे की त्याच काळात इथे सर सय्यद अहमद खान यांचे कॉलेज केंब्रिजच्या धर्तीवर नावारूपाला येत होते. १८७५ साली त्यांनी मदरसा सुरू केला, १८७७ मध्ये कॉलेजची कोनशिला बसली, आणि १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. सर सय्यद स्वतः १८६९ ते १८७० या काळात इंग्लंडात राहून तिथली विद्यापीठे पाहून आले होते. मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, ही वसतिगृहाची पद्धत त्यांनी तिथूनच उचलली.

मुलगी आम्हाला शमशाद मार्केटला घेऊन गेली. विद्यापीठाला लागून असलेला हा बाजार म्हणजे पुस्तकांची दुकाने, झेरॉक्स, शेरवानी शिवणारे दर्जी आणि चहाचे ढाबे. ढाबा म्हणजे आपल्याकडच्यासारखा हमरस्त्यावरचा नव्हे. बाके, टेबले, एक मोठी शेगडी आणि मुलांचा गलका. मस्का लावलेला बन, ऑम्लेट, आलूचा पराठा, अंडा-पराठा, आणि चहा. चहा मात्र अखंड. कोणी परीक्षेबद्दल बोलतो, कोणी शेरो-शायरी ऐकवतो, पलीकडच्या टेबलावर राजकारणावरून वाद चाललेला. काळ्या शेरवानीतली दोन मुले घाईघाईने उभ्याउभ्याच चहा पिऊन गेली. बहुधा काही कार्यक्रम असावा.

पराठा उत्तम होता. पण आमचे लक्ष मुलीकडे. तिने अर्धा पराठा खाल्ला आणि दोन कप चहा घेतला.

"पूर्ण खा."

"अम्मी, चहाने पोट भरते."

तेवढ्यात तिच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या दोन मुली समोर आल्या. "अस्सलामु अलैकुम, बाजी." आमच्या शेजारच्या बाकावर बसल्या, चहा आणि बन घेतला आणि सलाम करून निघून गेल्या. पैसे दिले नाहीत. आम्ही अब्बांकडे पाहिले, अब्बांनी आमच्याकडे. मुलीने शांतपणे स्वतःच्या पर्समधून त्यांचे पैसे भरले.

विचारले तेव्हा कळले की ही अलीगढची जुनी रीत आहे. ढाब्यावर किंवा कॅन्टीनमध्ये धाकटे-थोरले एकत्र दिसले की बिल थोरल्याने द्यायचे. पहिल्या वर्षी हिला कुणी पैसे देऊ दिले नव्हते. आता ही थोरली. महिन्याला आम्ही पाठवतो त्यातून ती हे देते, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अकराचा नाश्ता चहावर येतो. म्हणजे जे हिमोग्लोबिन आम्ही रत्नागिरीत शोधत होतो ते इथे धाकट्या बहिणींच्या बन-मस्क्यात गेले होते.

रागवावे की काय करावे, ते सुचेना. मेहमाननवाजी आपणच शिकवायची आणि मुलीने ती केली की हिशेब मागायचा! अब्बांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या सीनियर मुली दोन वेळा जेवत होत्या ना?" त्यावर ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही अकरा वाजू दिले नाहीत. निहारी कुणासाठी थांबत नाही. ती रात्रभर मंद आचेवर शिजते आणि सकाळी देग उघडली की दोन-तीन तासांत संपते. ई-रिक्षाचा दिवा धुक्यात पिवळा ठिपका दिसत होता. काठपुला ओलांडून आम्ही ऊपरकोटला गेलो. शहराचा हा सर्वांत उंच भाग. इथली जामा मशीद अठराव्या शतकात, मुघल बादशाह मुहम्मद शाहच्या काळात साबित खान या सुभेदाराने बांधली. १८५७ च्या शहिदांच्या कबरी मशिदीच्या आवारात आहेत. धुक्यातून आधी नुसते घुमट दिसले, खालची मशीद नंतर.

निहारीच्या दुकानात आत, पडद्यामागे बायकांसाठी दोन टेबले होती. ताटलीत बोटाने तुटणारे मांस (इकडे बडे का गोश्त म्हणजे म्हैस), वर आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि बाजूला अर्धे लिंबू. सोबत खमिरी रोटी, तंदूरमधून काढलेली, जाड आणि मऊ. मुलीने दोन रोट्या खाल्ल्या. आम्ही मोजल्या.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे आम्हाला इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपली मराठी न्याहारी आणि ही निहारी, दोन्ही एकाच घरच्या. अरबीत नहार म्हणजे दिवस. कोकणातली शेतकरीण बांधावर फडक्यात बांधून नेते ती न्याहारी, आणि ऊपरकोटला देगेतून निघते ती निहारी. मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "अम्मी, सुटीत तरी शाळा बंद ठेव."

डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावले होते : मांस, हिरव्या भाज्या, गूळ, डाळी यांतले लोह लिंबाबरोबर चांगले अंगी लागते, आणि जेवताना चहा घेतला तर लागत नाही. चहा खाण्यानंतर तास-दीड तासाने घ्यावा. अलीगढमध्ये हा नियम पाळणे म्हणजे मोठी परीक्षा. निहारी संपताच दुकानदाराच्या मुलाने न विचारता तीन चहा आणून ठेवले. आम्ही मुलीचा कप उचलून अब्बांपुढे सरकवला.

उतरताना गल्लीत कुलुपांचे छोटे कारखाने लागले. कानस घासण्याचा आवाज, पितळेची पूड. तिच्या ट्रंकेसाठी एक कुलूप घेतले.

तिसरा दिवस कचोरीचा. मुलगी म्हणाली, "मदार गेटकडे जाऊ." तो भाग पुन्हा पुलापलीकडचा, भर बाजारातला. खरे सांगायचे तर आम्ही कचरलो. बुरखा घालून अनोळखी बाजारात, अनोळखी दुकानापुढे उभे राहायचे. वर्तमानपत्रात या राज्याबद्दल जे वाचतो ते डोक्यात होतेच. मुलगी म्हणाली, "आम्ही दर महिन्याला येतो. माझी हाथरसची वर्गमैत्रीण आहे ना, तिनेच दाखवले."

दुकान कसले, रस्त्यावर कढई आणि मागे एक फळी. आपल्याकडची कचोरी मूगडाळीची, गार खाल्ली तरी चालते. ही उडीदडाळीची, कढईतून निघते आणि सरळ पानाच्या द्रोणात चुरून पडते. तिच्यावर बटाट्याची पातळ, हिंगाची, जीभ भाजणारी भाजी. शेजारी दही-जिलेबी. कचोरी तळणाऱ्या म्हाताऱ्या लालाजींनी मुलीला ओळखले. "बिटिया, बहुत दिन बाद?" मग आमच्याकडे पाहून तिला विचारले, हे आईवडील का, कुठून आले. रत्नागिरी त्यांना समजेना. मुंबईच्या खाली, समुद्राच्या काठी, असे सांगितले. त्यांनी झारा थांबवला. "समुंदर रोज देखते हैं?" अब्बा म्हणाले, शाळेच्या गच्चीवरून दिसतो. लालाजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांनी आम्हाला दुसऱ्यांदा भाजी वाढली आणि पाण्याला खारट वास येतो का, मासे सकाळी येतात की संध्याकाळी, असे बरेच विचारले. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते.

पोटाच्या दृष्टीने ही कचोरी रोज खाण्याची वस्तू नाही. महिन्यातून एकदा ठीक. आम्हाला रात्री दोघांनाही जळजळ झाली.

जानेवारीच्या अखेरीस इथे नुमाइश भरते, १८८० पासून चालत आलेली. तिथला हलवा-पराठा प्रसिद्ध आहे : परातीएवढा पराठा, तुकडे करून वजनावर मिळतो, सोबत रव्याचा गोड हलवा. दुपारी जाऊन खाल्ला. गर्दी आणि धूळ फार. एकदा पाहण्यासारखे, इतकेच म्हणू.

शेवटच्या सकाळी मुलीचे कॉलेज बाहेरून पाहिले. १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची छोटी शाळा काढली, तिचे पुढे हे विमेन्स कॉलेज झाले. १९१४ मध्ये तिथे मुलींचे वसतिगृह सुरू झाले. मुलींना घराबाहेर राहायला पाठवणे तेव्हा कुणाला पटणार होते? पण वहीद जहाँ बेगम यांनी त्या मुलींना आपल्या लेकींसारखे सांभाळले. मुली त्यांना आला बी म्हणत, आणि शेख साहेबांना पापा मियाँ. त्यांची मुलगी रशीद जहाँ पुढे डॉक्टर आणि लेखिका झाली. इस्मत चुगताईसुद्धा इथेच शिकल्या. फाटकासमोर उभे असताना आम्हाला त्या पहिल्या मुलींच्या आया आठवल्या. त्यांच्याकडे तर फोनही नव्हता.

अब्बांनी तिथेच हिशेब मांडला. महिन्याला पाचशे रुपये जास्त, ते फक्त धाकट्यांच्या चहासाठी, वेगळ्या पाकिटात. सकाळी आठच्या तासाला जाण्याआधी वसतिगृहातला नाश्ता थोडा तरी, नाहीतर खोलीत ठेवलेले भाजलेले चणे, गूळ आणि खजूर. अकराला अंडा-पराठा किंवा आणखी काही पोटभर, चहा नंतर. गोळी रोज. मुलीने सगळे मान्य केले आणि एक अट घातली : दादींना कचोरीबद्दल सांगायचे नाही.

परत आणण्याचा विषय कुणी काढला नाही. घरी आल्यावर दादींनीच काढला. अब्बा म्हणाले, "मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासू, मग बघू." मार्चमध्ये तिने तिकडेच तपासून घेतले. १०.६ आले. अजून कमीच आहे, पण चढते आहे, अल्हम्दुलिल्लाह.

गेल्या रविवारी अकरा वाजता फोन लावला. मागे ढाब्याचा गलका ऐकू येत होता.

"काय खाल्लेस?"

"दोन अंडी, पूर्ण पराठा. चहा अजून घेतला नाही, खरंच."

"एकटी आहेस?"

"नाही, पहिल्या वर्षाच्या तिघी आहेत."

दादी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आमच्या हातातून फोन घेतला आणि विचारले, "त्या तिघी काही खातात का, की नुसता चहा?"